पंधरा रुपयांची अब्रू आणि वतनाची जमीन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांना संदर्भ राहील. घरातल्या ट्रंकेत तुम्हाला 1887 सालच्या एका मोडी निकालाची नक्कल सापडली आहे. तुमच्या खापरपणजोबांची विधवा भावजय वादी आणि तिचा चुलत दीर प्रतिवादी. त्याने गावच्या चावडीवर चार लोकांसमोर म्हटलं की, ‘ही आमच्या भावाच्या लग्नाची बायको नव्हे, हिचा वाड्याशी आणि वतनाशी संबंध काय?’ बाईने अब्रूनुकसानीचा दावा केला, शंभर रुपये मागितले, कोर्टाने पंधरा दिले. घरात मात्र पिढ्यानपिढ्या सांगत आले की भांडण जमिनीचं होतं. तुम्ही विचारता: भांडण जमिनीचं होतं तर दावा अब्रूचा का? पंधरा रुपयांसाठी एक विधवा बाई कोर्टाची पायरी का चढली? आणि पुढे काय झालं ते शोधायचं कुठे?

गेली तीस वर्षं मी दिवाणी कोर्टात वारसा, दत्तक आणि वाटणीची कामं चालवतो. त्यातूनच मोडी शिकलो आणि जुने निकाल वाचण्याची सवय लागली. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या घरातली आठवण आणि हातातला कागद यांत विरोध नाही. तो अब्रूचा दावा जमिनीचाच दावा आहे. बाईच्या वकिलाने तो असा का मांडला, हे समजलं की तो माणूस किती हुशार होता ते लक्षात येतं.

प्रतिवादीचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात शिवी नाही. बाईला तो वाईट चालीची म्हणत नाही, चोर म्हणत नाही. ‘लग्नाची बायको नव्हे’ एवढंच म्हणतो आणि लगेच वाडा आणि वतन काढतो. रागाच्या भरात माणूस इतकं नेमकं बोलत नाही. त्या काळच्या वारसाहक्कात विधवेचं सगळं बळ ‘बायको’ या एका शब्दावर उभं होतं.

वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्णी अशा कामांना जोडलेली जमीन आणि हक्क. त्यासाठी मुंबई इलाख्यात 1874 चा कायदा होता. 1886 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वतनदार घराण्यातल्या बायका वारसाक्रमात पुरुषांच्या मागे ढकलल्या गेल्या. घराण्यात वारस होऊ शकणारा कोणी पुरुष असेल तर आधी तो, मग बाई. या नियमाला अपवाद ठेवला तो एकच, शेवटच्या पुरुष मालकाची विधवा. तुमचा निकाल 1887 चा आहे. म्हणजे दुरुस्तीनंतर फार तर वर्ष-दीड वर्षात चुलत दीर चावडीवर म्हणतो की ही विधवाच नव्हे. बाई विधवा ठरली तर ती अपवादात बसते आणि त्याच्या पुढे उभी राहते. ती ‘लग्नाची नव्हे’ ठरली की अपवाद संपला आणि रांगेत पुढचा माणूस तो स्वतः. त्याने ही दुरुस्ती वाचली होती की कोणी वकिलाने त्याला सांगितली होती, हे मी सांगू शकत नाही. पण गावोगावच्या कुलकर्ण्यांना असे कायदे तोंडपाठ असत. मात्र एक तारीख नक्की बघा, बाईचा नवरा वारला ती. ही दुरुस्ती कायदा लागू झाल्यानंतर उघडलेल्या वारशालाच लागू होती. नवरा त्याआधीच वारला असेल तर प्रतिवादीचं गणित चुकलं होतं, आणि मग पंधरा रुपयांतच प्रकरण का मिटलं याचा उलगडा कदाचित तिथेच होईल.

दुसरी गोष्ट घर एकत्र होतं की विभक्त, ही. मिताक्षरेप्रमाणे, म्हणजे हिंदू वारसाहक्काच्या जुन्या ग्रंथाप्रमाणे, भाऊ एकत्र असतील तर मेलेल्याचा हिस्सा उरलेल्या भावांकडे जायचा, विधवेला फक्त अन्नवस्त्र. विभक्त असेल आणि मुलगा नसेल तर विधवा स्वतः वारस. निकालात ‘विभक्त’, ‘वेगळे चुलाण’, ‘वाटणी झाली’ असं कुठे दिसतंय का पाहा. दिसत नसेल तरी प्रतिवादी ‘चुलत’ दीर आहे यावरून मला विभक्त असण्याची शक्यता जास्त वाटते. एकत्र असतं तर त्याला चावडीवर बोलायची गरजच नव्हती. तो सरळ म्हणाला असता की हिला पोटगी देतो, जमिनीत हिचा हिस्सा नाही.

आणि पोटगीवर भागवायचं म्हटलं तरी चारित्र्याचा प्रश्न येतोच. पोटगी मिळणारी विधवा शीलभ्रष्ट ठरली तर पोटगी जाते, असं मुंबई हायकोर्टाने 1882 मध्ये ठरवलं. वारशाने मिळालेल्या मिळकतीबाबत मात्र न्याय वेगळा होता, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. त्या काळात घराघरांत विधवांबद्दल जे बोललं गेलं त्याची मुळं इथे सापडतात.

आसामातली एक विधवा, केरी कोलितानी. नवऱ्याची मिळकत वारशाने तिच्याकडे आली. नवऱ्याचा भाऊबंद मणिराम कोलिता कोर्टात गेला: नवरा गेल्यावर बाईचं वागणं बिघडलं, म्हणून मिळकत तिच्याकडून काढून आम्हाला द्या. 1873 मध्ये कलकत्ता हायकोर्टाच्या पूर्णपीठाने बहुमताने निकाल दिला. नवरा मरताना बायको पतिव्रता असली पाहिजे, ही वारस होण्याची अट. पण एकदा मिळकत तिच्या नावे आली की नंतरच्या वागण्यावरून ती काढून घेता येत नाही. न्यायमूर्ती द्वारकानाथ मित्र या निकालाच्या विरोधात उभे राहिले आणि शास्त्रवचनांचा आधार घेऊन त्यांनी वेगळं मत लिहिलं. मणिराम लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टापर्यंत गेला आणि 1880 मध्ये तिथेही हरला. आपल्याकडे मुंबई हायकोर्टाने हीच भूमिका त्याआधीच, 1867 मध्ये घेतली होती. ‘पार्वती कोम धोंडीराम विरुद्ध भिकू कोम धोंडीराम’ हे ते प्रकरण. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. तुमच्या नक्कलेत हे दोन्ही शब्द असतील. पार्वतीच्या त्या प्रकरणात दोन्ही बाजूंना एकाच नवऱ्याचं नाव, म्हणजे सवतीसवतींचं भांडण.

आता भाऊबंदांच्या बाजूने विचार करा. विधवा वारस झाल्यानंतर तिच्या वागण्यावर बोट ठेवून जमीन मिळत नाही, हे 1880 पासून पक्कं झालेलं. जमीन हवी असेल तर दोनच वाटा उरतात. नवरा जिवंत असतानाच बाई शीलभ्रष्ट होती असं म्हणायचं, किंवा ती बायकोच नव्हती असं म्हणायचं. पहिली वाट अवघड, कारण त्यात मेलेल्या भावाचीही अब्रू जाते आणि साक्षीला माणूस उभा राहत नाही. दुसरी सोपी. तुमचा चुलत दीर दुसऱ्या वाटेने गेला.

आता त्याचा नेमका शब्द पाहू, कारण इथे मोडी वाचताना चूक होते. ‘लग्नाची नव्हे’ या वाक्याचे आपल्या समाजात दोन अर्थ होते. पहिल्या विवाहाला लग्न म्हणायचं. विधवेचा किंवा काडीमोड घेतलेल्या बाईचा दुसरा विवाह म्हणजे पाट, मोहतूर. ज्या जातींत पाटाची रूढी होती तिथे पाटाची बायको ही बायकोच होती, तिची मुलं औरस आणि तिला वारसाहक्क. मान थोडा कमी, लग्नकार्यात काही विधी तिच्या हातून करून घ्यायचे नाहीत, पण हक्क पूर्ण. त्याखालची पायरी राखेची, म्हणजे ठेवलेल्या बाईची. तिला फार तर पोटगी. तेव्हा प्रतिवादी ‘लग्नाची नव्हे’ म्हणाला तेव्हा त्याला ‘पाटाची आहे’ म्हणायचं होतं की ‘राख आहे’ म्हणायचं होतं? पहिला अर्थ घेतला तर कायद्याने बाईचं काही बिघडत नाही आणि अब्रूही जात नाही. दुसरा घेतला तर सगळंच जातं. मी वाचलेल्या अशा जुन्या कैफियतींत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरांत, प्रतिवादी हमखास याच फटीतून निसटायला बघतो: ‘मी पाटाची म्हणालो, राख म्हणालो नाही.’ तुमच्या नक्कलेत वाक्याचा पुढचा भाग आहे, ‘वतनाशी संबंध काय’. त्यामुळे ही फट त्याला बंद झाली. पाटाच्या बायकोचा वतनाशी संबंध असतोच. संबंध नाही म्हणणं म्हणजे राख म्हणणं. बाईच्या वकिलाने चावडीवरचं वाक्य अर्धवट न देता शेवटपर्यंत दिलं, त्याचं कारण हे असणार.

मग दावा अब्रूचा का? याचं मुख्य कारण शाबितीचा बोजा, म्हणजे गोष्ट सिद्ध करण्याची जबाबदारी.

बाई जमिनीबाहेर असती आणि ताब्यासाठी दावा केला असता, तर मी अमक्याची लग्नाची बायको आहे हे तिलाच शाबीत करावं लागलं असतं. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेली, भटजी मेलेला, वऱ्हाडी पांगलेले, नोंदणीचा दाखला त्या काळी नाही. अब्रूनुकसानीच्या दाव्यात हा बोजा उलटतो. वादीने एवढंच दाखवायचं की प्रतिवादीने हे शब्द तिसऱ्या माणसासमोर उच्चारले. शब्द अब्रू घालवणारे असतील तर ते खोटे आहेत असं कोर्ट धरून चालतं. ‘मी खरं बोललो’ असा बचाव करायचा तर खरेपणा शाबीत करण्याचं ओझं प्रतिवादीवर. म्हणजे चावडीवर तोंड उघडून चुलत दिराने स्वतःहून आपल्या डोक्यावर ओझं घेतलं: ही बायको नव्हे, हे आता त्याने सिद्ध करायचं. दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालं होतं असंच कायदा गृहीत धरतो, उलट स्पष्टपणे शाबीत होईपर्यंत, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने 1881 मध्ये सिलोनच्या एका प्रकरणात पुन्हा ठामपणे सांगितलं होतं. त्याच्यासमोर हा डोंगर होता.

1872 च्या पुराव्याच्या कायद्याचं 50 वं कलमही बाईच्या बाजूचं होतं. दोन माणसांचं नातं काय, याबद्दल ओळखीच्या लोकांचं मत त्यांच्या वागण्यातून दिसलं तर ते पुरावा म्हणून चालतं. म्हणूनच त्या काळच्या जबान्या वाचताना मन हलतं. मी एका विधवेच्या प्रकरणातली जबानी वाचली आहे. पिवळट जाड कागद, वर राणीच्या शिक्क्याचा स्टँप, बोरूची अक्षरं कडेला पसरलेली. साक्षीदार शेजारीण. वकील विचारतो: वादीला हळदीकुंकवाला बोलावत होते काय? होय. कोण बोलवी? प्रतिवादीची आई. ओटी भरत होती काय? भरत होती, दोन वेळा मी डोळ्यांनी पाहिली. नवरा वारला तेव्हा वादीची कांकणं कोणी फोडली? प्रतिवादीच्या आईने. मग शेवटचा प्रश्न: राखेची कांकणं कोण फोडतो? त्याला उत्तर लिहिलेलं नाही, फक्त ‘साक्षीदार गप्प’ एवढंच. लग्नाचा दाखला नसताना लग्न शाबीत झालं ते असं, फुटलेल्या काकणांवरून. तुमच्या बाईच्या प्रकरणात जबान्या मिळाल्या तर असे प्रश्न शोधा. ज्या घराने चावडीवर तिला नाकारलं त्याच घराने आधी तिला काय काय दिलं होतं, त्याची यादी तिथे मिळेल.

बोललेल्या शब्दांवर दिवाणी दावा चालतो कसा, हा तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग. इंग्लंडात तर तो तेव्हा चाललाच नसता. तिथे लिहिलेली बदनामी आणि बोललेली बदनामी यांत मोठा फरक होता. बोललेल्या शब्दांसाठी प्रत्यक्ष पैशाचं किंवा तसं काही नुकसान दाखवावं लागे. गुन्ह्याचा आरोप, संसर्गजन्य रोगाचा आरोप आणि धंद्याला बाधा, एवढे अपवाद. बाईच्या शीलावर तोंडी शिंतोडे उडवले तर नुकसान दाखवल्याशिवाय दावा नाही. 1861 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर अशा प्रकरणात लॉर्ड कॅम्पबेल यांनी कायद्याच्या या स्थितीबद्दल खेद व्यक्त केला आणि लॉर्ड ब्रुहॅम यांनी तिला रानटी म्हटलं. तरी कायदा बदलायला 1891 उजाडावं लागलं. आपल्याकडे 1884 मध्ये मद्रास हायकोर्टाने ‘पार्वती विरुद्ध मन्नार’ या प्रकरणात हा इंग्रजी नियम लागू करायला नकार दिला. तिथले शब्द तुमच्या प्रकरणाच्या किती जवळचे आहेत पाहा: ही बाई नवऱ्याची लग्नाची बायको नव्हे, ठिकठिकाणाहून हाकललेली आहे. कोर्ट म्हणालं, नुकसान वेगळं शाबीत करायची गरज नाही. तीन वर्षांनी आपल्याकडच्या एका वकिलाने जवळजवळ त्याच शब्दांवर दावा लावला. त्याला मद्रासचा निकाल माहीत असावा असं मला वाटतं. हायकोर्टांचे निकाल तेव्हा छापून येत आणि जिल्ह्याच्या वकिलांपर्यंत पोचत. निकालपत्रात ‘मद्रास’ किंवा ‘इं. लॉ रि.’ (इंडियन लॉ रिपोर्ट्स) असं काही अक्षरांत दिसलं तर मला जरूर कळवा.

पंधरा रुपयांबद्दल. भरपाईच्या दाव्याचा स्टँप मागितलेल्या रकमेवर लागे, 1870 च्या कोर्ट फी कायद्याप्रमाणे. मोठी रक्कम मागायची तर खिशातून स्टँप आधी भरायचा. म्हणून शंभर मागितले. कोर्टाने पंधरा दिले, म्हणजे पैशाचं नुकसान फारसं मानलं नाही. बाईला मात्र पैसा नको होता. तिला त्या कागदावरचं एक वाक्य हवं होतं: ‘वादी ही मयताची लग्नाची बायको आहे असे आमचे मत आहे.’ प्रतिवादीने खरेपणाचा बचाव घेतला की कोर्टाला त्यावर मुद्दा काढावाच लागतो आणि मुद्द्यावर मत द्यावं लागतं. 1882 च्या दिवाणी कायद्याच्या 13 व्या कलमाप्रमाणे असं मत पुढच्या दाव्यातही त्याच पक्षकारांवर बंधनकारक ठरू शके. अट एकच, पहिल्या कोर्टाला तो पुढचा दावा चालवण्याचा अधिकार असायला हवा होता. म्हणून निकालावर कोणत्या कोर्टाचं नाव आहे ते पाहा. 1869 च्या कायद्याने दुसऱ्या वर्गाच्या सबॉर्डिनेट जज्जला पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालवता येत. तुमच्या घराण्याच्या जमिनीची किंमत त्याच्या आत असेल, तर त्या पंधरा रुपयांच्या निकालाने जमिनीचा निम्मा प्रश्न तिथेच सोडवला असं समजा.

एक आक्षेप कोणीतरी घेईल, म्हणून आधीच सांगतो. 1877 च्या विशिष्ट दाद कायद्याखाली, ‘मी अमक्याची विधवा आहे’ असा नुसता ठराव, म्हणजे कोर्टाची घोषणा, मागता आली असती, दहा रुपयांच्या ठरावीक स्टँपवर. मग तो का नाही? कदाचित तोही केला असेल, आणि तुमच्या ट्रंकेत त्याची नक्कल आली नसेल. पण ठरावाच्या दाव्यात शाबितीचा बोजा पुन्हा बाईवर. माझ्या मते वकिलाने जाणूनबुजून अब्रूचा रस्ता घेतला. शिवाय मुदतीचं बघा: बोललेल्या बदनामीसाठी मुदत फक्त एक वर्षाची होती. चावडीवरचे शब्द आणि दाव्याची तारीख यांत वर्षापेक्षा जास्त अंतर असणार नाही. घराण्याची बखर लिहिताना हे तुम्हाला उपयोगी पडेल, त्या भांडणाचं साल त्यावरून नक्की होतं.

प्रतिवादीच्या बाजूनेही विचार करायला हवा. तो खोटारडाच होता असं मी म्हणत नाही. इंग्लंडातलं एक प्रकरण या बाबतीत आमच्या वकिलीच्या शिक्षणात सांगतात: 1813 चं ‘पिट विरुद्ध डोनोव्हन’. पिटने एकाकडून जमीन घेतली आणि ती तो पुढे विकत होता. डोनोव्हन हा मूळ विकणाऱ्याच्या बहिणीचा नवरा. मेव्हणा निपुत्रिक मेला तर बहीण वारस होणार होती. डोनोव्हनने नव्या खरेदीदाराला पत्र लिहिलं: माझा मेव्हणा विक्री करताना वेडा होता, हे खरेदीखत टिकणार नाही, आम्ही तंटा करू. खरेदीदार मागे फिरला, पिटने डोनोव्हनवर दावा लावला. माणसाची नव्हे, मालकीहक्काची बदनामी केल्याबद्दल. किंग्ज बेंच या तिथल्या वरिष्ठ कोर्टात लॉर्ड एलनबरो यांनी सांगितलं की डोनोव्हन हा तिऱ्हाईत नाही, घराण्याचा हितसंबंधी आहे. त्यामुळे ज्युरीने शहाण्या माणसाला असं वाटलं असतं का हे बघायचं नाही. डोनोव्हनला स्वतःला ते मनापासून खरं वाटत होतं का, एवढंच बघायचं. नव्याने चौकशी करायचा हुकूम झाला.

हा निकाल मला नेहमी मोलाचा वाटतो. भाऊबंद बोलतो ते नुसत्या हव्यासाने नाही. घराण्याची मिळकत बाहेर चालली आहे ही भीती त्याच्या पोटात खरोखर असते, आणि त्या भीतीत तो स्वतःचंच म्हणणं खरं मानू लागतो. आजही वाटणीच्या दाव्यात माझ्यासमोर बसलेले सख्खे भाऊ एकमेकांबद्दल जे बोलतात ते बनावट नसतं. पण आपल्याकडच्या फौजदारी कायद्याने डोनोव्हनला इतकी मोकळीक दिली नसती. 1 जानेवारी 1862 पासून लागू झालेल्या इंडियन पीनल कोडात कलम 499 खाली बोललेलं आणि लिहिलेलं असा भेदच नव्हता. त्यातला नववा अपवाद आपल्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या आरोपाला सूट देई. पण ‘सद्भावना’ म्हणजे काय? त्याचं कलम 52 म्हणत असे, योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येणार नाही. मनापासून वाटलं, एवढं पुरत नसे. चौकशी करायला हवी होती. तुमच्या चुलत दिराने आपल्याच आईला विचारलं असतं तरी पुरे होतं.

तेव्हा त्याच घटनेवर बाईने फौजदारीही केली होती का, हे तपासा. अशी दुहेरी चाल नेहमीची होती.

आपल्याच मुलखातलं याच काळातलं एक प्रसिद्ध उदाहरण इथे आठवतं. रखमाबाईंना नांदायला पाठवा म्हणून त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. 1887 मध्ये दादाजींनी छापील निवेदन काढलं आणि त्यात सगळा रोख मिळकतीवर ठेवला: रखमाबाईंच्या वडिलांची मिळकत घरात राहावी म्हणून त्यांची आई आणि आजोबा त्यांना पाठवत नाहीत. रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून त्याला उत्तर दिलं. पार्श्वभूमी अशी की आई जयंतीबाई विधवा झाल्या, पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि मिळकत त्याआधी मुलीच्या नावे केली. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जात होता, मग जातीत पाटाची रूढी असो वा नसो. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने पुढे 1896 मध्ये तसंच ठरवलं. केरी कोलितानीच्या निकालाशेजारी हा कायदा ठेवून बघा. राजरोस दुसरं लग्न करणारी विधवा जमीन गमावते. जिच्यावर वाईट चालीचा आरोप आहे ती राखते. या अन्यायाचं मला आजही वाईट वाटतं. रखमाबाईंच्या बाबतीत कोर्टाने 1887 मध्ये नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा म्हटलं, आणि 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. तुमच्या बाईचा निकालही त्याच वर्षातला.

आता शोधायचं कुठे.

आधी निकालपत्राचं दुसरं पान. ‘मुद्दे’ असा मथळा असेल आणि खाली क्रमांक. लग्नाबद्दलचा मुद्दा आहे का, आणि त्यापुढे ‘होय’ आहे की ‘जरूर नाही’, हे बघा. ‘जरूर नाही’ असेल तर कोर्टाने लग्नाचा प्रश्न टाळला, प्रतिवादी फक्त शब्द नाकारून बसला, आणि बाईला जे हवं होतं ते मिळालंच नाही. मग पुढे नक्की दुसरा दावा झाला असणार. ‘होय’ असेल तर भांडण बहुतेक तिथेच थांबलं.

मग जिल्हा कोर्टात वारस दाखल्याची नोंदवही. 1827 च्या रेग्युलेशन आठप्रमाणे मुंबई इलाख्यात वारसाचा दाखला मिळत असे. निकालानंतर वर्ष-दोन वर्षांत बाईच्या नावे अर्ज सापडला तर साखळी पूर्ण झाली. दाव्याची फाइल मिळेलच असं सांगत नाही. जबान्या आणि अर्ज बहुतेक ठिकाणी मुदतीनंतर नष्ट केले गेले, हुकूमनामे आणि नोंदवह्या जास्त टिकल्या. नक्कल अर्ज करताना साल, दावा नंबर आणि कोर्टाचं नाव तिन्ही लिहा. नुसत्या आडनावावर रेकॉर्ड रूमचा माणूस काही काढून देऊ शकत नाही. वतनाचा फेरफार आणि वारस चौकशी यांचे कागद महसुलाकडे जातात. त्यांतले जुने पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराच्या इमारतीत पाहायला मिळू शकतात.

आणि तिथे गेल्यावर एक गोष्ट विसरू नका. वारस चौकशीत चुलत दिराने अधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब सापडला तर तो चावडीवरच्या वाक्याशी शब्दाला शब्द ताडून बघा. साक्षीच्या जबानीत बोललेल्या शब्दांवर अब्रूनुकसानीचा दिवाणी दावा चालत नाही, असं प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्ये ठरवलं होतं. त्यामुळे बाईच्या वकिलाला चावडीवरचंच वाक्य धरावं लागलं. पण शपथेवर माणूस काय बोलला हे महत्त्वाचं. शपथेवर त्याने ‘पाटाची’ म्हटलं असेल आणि चावडीवर ‘वतनाशी संबंध काय’ म्हटलं असेल, तर आपल्या भावजयीचा हक्क त्याला पहिल्यापासून माहीत होता. त्या पानाचा फोटो काढा, उजेड बाजूने पडेल असा धरून, आणि मला पाठवा. मोडीतला ‘पाट’ घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. मी वाचून देतो.